छत्री धरणारी बाई

जानेवारीतला पाऊस लागला की ती केस हमखास डोळ्यांपुढे येते. सिंगापूरला थंडी अशी नसतेच. इथला हिवाळा म्हणजे दिवस दिवस कोसळणारा पाऊस आणि मोटारींच्या धुरकटलेल्या काचा. वाहतूक पोलिसांत तपासाचं काम करताना मला या दिवसांचा वैताग यायचा. जो तो खापर पावसावर फोडायचा, आणि पावसाचा जबाब काही घेता येत नाही.

मरीन परेडला संध्याकाळी सहाच्या सुमारास एका मोटारीनं झेब्रा क्रॉसिंगवर एका वृद्ध चिनी गृहस्थांना उडवलं. त्यांच्या मांडीचं हाड मोडलं. मी पोचलो तेव्हा अँब्युलन्स गेली होती आणि मोटारीजवळ चांगी बिझनेस पार्कमधला एक भारतीय इंजिनिअर उभा होता.

"मीच चालवत होतो. एकटाच होतो," तो इंग्रजीत म्हणाला. मी काही विचारायच्या आतच! इतकी तयार कबुली मला कधीच पचलेली नाही. त्यात मोटारीतल्या कॅमेऱ्याचं कार्ड गायब. "कालच काढलं," म्हणे.

समोरच्या कॉफीशॉपमधल्या लोकांनी चालक पाहिला नव्हता. अँब्युलन्स येईपर्यंत कोणी बाई जखमीवर छत्री धरून बसली होती, एवढंच ते सांगत होते. मी वहीत लिहिलं: 'अनोळखी बाई, छत्री धरून, वाटसरू.'

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलमध्ये म्हाताऱ्यानं मलाच विचारलं, "दॅट इंडियन मिसी व्हेअर, आह? होल्ड अंब्रेला, क्राय, ऑल द टाइम से सॉरी, सॉरी."

वाटसरू कशाला माफी मागेल? मी तडक ठाण्यावर आलो आणि जप्त केलेली मोटार पुन्हा तपासली. मागच्या सीटखाली कापडी पिशवी होती. तिच्यात स्टीलची वाटी, तिळगुळाची पुडी आणि मोगऱ्याचा गजरा होता, अजून पुरता न सुकलेला. माझ्या सहकाऱ्यांना तो बाजारहाट वाटला. माझे वडील इथल्या बंदरावर मरीन इंजिनिअर होते, मी याच शहरात वाढलो. पण संक्रांतीचं वाण ओळखायला मला कोणाची मदत लागत नाही.

इंजिनिअरला बोलावलं. पिशवी टेबलावर ठेवून मी पहिल्यांदाच मराठीत बोललो, "हळदीकुंकवाचं वाण पुरुषांना कधीपासून मिळायला लागलं?"

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. "बायकोचं आहे, साहेब. गेल्या आठवड्यातलं."

"आणि गजरा?"

मी त्याच्या बायकोला बोलावून घेतलं. ती आत येताच तो म्हणाला, "तू काही बोलू नकोस."

मी तिला एवढंच सांगितलं की ते आजोबा तुमची चौकशी करत होते. ती ढसाढसा रडली. गाडी तीच चालवत होती. भारतातल्या परवान्यावर इथे वर्षभरच गाडी चालवता येते, आणि तिची मुदत कधीच संपली होती. एसीच्या गारव्यानं काच बाहेरून धुरकटली होती, ही आतून पुसत राहिली. "थांबायला हवं होतं. मुलीला क्लासमधून आणायला उशीर होईल म्हणून नाही थांबले." नवऱ्याला फोन केला, तो टॅक्सीनं आला आणि तिला घरी पाठवून स्वतः उभा राहिला.

"अगं, इथे राहायचा पास जाईल आपला! सगळं सोडून परत जावं लागेल," तो ओरडला.

ती त्याच्याकडे वळली. "जाऊ दे. त्यांच्यावर छत्री मी धरली होती. तीही तूच धरलीस असं लिहून देणार आहेस का?"

तिच्यावर खटला झाला. खोट्या जबाबाबद्दल त्याच्यावरही झाला, आणि त्याच्या भीतीप्रमाणे पास गेलाच. जाण्याआधी ती आजोबांना भेटून आली, हे मला नर्सकडून कळलं.

मी आयुष्यभर पळणाऱ्यांवर संशय घेतला. जी जागची हलली नव्हती, तिला मात्र मी एका शब्दात केसबाहेर काढलं होतं. त्या संध्याकाळी मी वही उघडली, 'वाटसरू' खोडलं आणि वर लिहिलं, 'चालक'. 'छत्री धरून' तेवढं तसंच राहू दिलं.