मेमरी कार्डाला हळदकुंकू

मी लग्नांचे फोटो काढतो. एका दसऱ्याला चारकोपच्या आमच्या घरी आईने माझा कॅमेरा पूजेला मांडला आणि शेजारच्या मेमरी कार्डाच्या सोनेरी पट्ट्यांवरच ओलं हळदकुंकू लावलं. त्या कार्डात आदल्या दिवशीचा साखरपुडा होता, आणि दुसरी कॉपी कुठेच नव्हती. लॅपटॉपला कार्ड दिसेना. मी पट्ट्या पुसत होतो, पुन्हा लावून बघत होतो, घरभर फेऱ्या मारत होतो.

"देवाचं आहे रे, काही होत नाही," आई म्हणाली. माझं डोकंच फिरलं.

शेवटी फोटो दिसले. ते दोन हार्ड डिस्कवर उतरेपर्यंत मी जेवलो नाही.

आता दर दसऱ्याला कुंकवाचं बोट कार्डाजवळ आणून आईच थांबते. "दोन्हीकडे उतरवलंस ना रे?"

मी हो म्हणतो. मग ती कुंकू लावते, पुन्हा पट्ट्यांवरच.