घरची सेटिंग

नववी अर्धवट टाकून मी नागपुरात आलो तेव्हा मला उणे संख्या कळत नव्हत्या. गणिताच्या तासाला त्या आल्या आणि त्याच सुमाराला मी शाळा सोडली. गाव माझं रत्नागिरीच्या खालच्या अंगाला. गावातला एक जण खापरखेड्याच्या वीजकेंद्रात कामाला होता, त्याच्या ओळखीनं मी एका गॅरेजात चिकटलो. गॅरेजच्या मागेच मालकांचं घर. मालकांना सगळे काका म्हणत, म्हणून त्यांची बायको काकू. पहिली सहा वर्षं मी त्यांच्या पडवीत झोपलो आणि त्यांच्या ताटात जेवलो.

काकांनी चाकांचे कोन मोजायचं मशीन आणलं तेव्हा ते चालवायला मला बसवलं. पडद्यावर आकडे येत आणि काहींच्या आधी एक आडवी रेघ असे. ती रेघ मी तीन दिवस दुर्लक्षित केली. चौथ्या दिवशी जेवताना ताटातल्या आमटीत बोटानं तीच रेघ ओढत बसलो, आणि काकूंनी ओळखलं.

त्यांनी मला मागच्या दारात नेलं. "हे पाह. ही पायरी म्हणजे शून्य. वर चढला का अधिक, अंगणात उतरला का उणे. आता उणे दोनवाला उणे एकवाल्याच्या खाली बसते का वर?"

"खाली."

"मंग? एवढंसंच तर आहे. काहून घाबरून राहिला गा?"

मी घाबरत होतो ते बाहेर काढतील म्हणून. अजूनही, कुणी मोठ्यानं हाक मारली की पहिला विचार तोच येतो.

काकांकडे एक लाल गाडी होती. दोन दारांची, बुटकी, ताकद सगळी पुढच्या चाकांना. रविवारी सकाळी शहराबाहेरच्या एका मैदानावर शंकू मांडून हौशी लोक गाड्या पळवत, तिथे काका ती न्यायचे. गाडी सरळ रेषेत वाऱ्यासारखी, पण वळणात स्टेअरिंग कितीही फिरवलं तरी नाक बाहेर बाहेर जाई. पुढच्या दोन चाकांनी वळायचंही आणि ओढायचंही. दोन्ही कामं एकदम आली की टायर हात टेकतात.

"काय बे कोकण्या," काका म्हणाले, "ही बोट आहे का गाडी? वळून नाही राहिली. तूच बघ काहीतरी."

मी बघितलं. दोन महिने मला दुसरं काही सुचत नव्हतं. चांगले टायर पुढे घातले, झिजलेले मागे. पुढची हवा थोडी कमी, मागची जास्त. पुढची चाकं वरून किंचित आत झुकवली, म्हणजे वळणात टायरची पूर्ण रुंदी जमिनीला लागते. मागचा आडवा दांडा जाड बसवला, म्हणजे मागचं अंग ताठ राहतं. तरी थोडं कमी पडत होतं. मग मागच्या चाकांच्या बैठकीखाली पातळ पाचरपट्ट्या घातल्या. वरून पाहिलं तर दोन्ही चाकं पुढच्या बाजूला एकमेकांपासून जराशी फाकलेली. नजरेला दिसतही नाही, पण पडद्यावर मागच्या आकड्याआधी ती आडवी रेघ आली. उणे.

त्या रविवारी गाडी अशी वळली की काकांनी हेल्मेट काढून माझ्या डोक्यावर ठेवलं. वळणात ॲक्सिलरेटरवरचा पाय जरा उचलायचा, मागचं अंग आपण होऊन फिरतं आणि नाक शंकूला चाटून आत येतं. मैदानावर हे हवंच असतं. रस्त्यावर नको. मागचं अंग फिरणार आहे हे ज्याला माहीत नाही, त्याच्या हातून गाडी जाते.

म्हणून आमच्याकडे दोन सेटिंग्ज होत्या, मैदानाची आणि घरची. आठवडाभर ती गाडी काकू चालवायच्या. पन्नाशी उलटल्यावर शिकल्या होत्या. काटोलला त्यांची आई होती, अंथरुणाला खिळलेली. आईला भेटायला कुणाच्या तोंडाकडे बघावं लागू नये, एवढ्यासाठी शिकल्या. काका चिडवायचे, "काय वं, आज काटोल का विमानतळ?" आणि काकू म्हणायच्या, "तुमच्याआधी पोचते, तुम्ही आपले शंकूभोवती फिरा."

सोमवारी सकाळी गाडी घरच्या सेटिंगवर आणणं माझं काम. मागची दोन चाकं खोलायची, पट्ट्या काढायच्या, टायर बदलायचे, मशीनवर लावायचं. दोन-अडीच तासांचा मामला. आणि एका सोमवारी मी ते केलं नाही.

काम जास्त होतं, असं मी नंतर स्वतःला सांगत आलो. होतं काम. पण खरं हे की ती सेटिंग मोडायला हात धजत नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा मी काहीतरी नेमकं केलं होतं. शिवाय काकू काय, भाजीबाजारापर्यंत जातील चाळीसच्या वेगानं, त्यांना काय फरक पडतो. उद्या करू.

त्या दिवशी त्या काटोलला गेल्या. संत्र्यांचे दिवस होते. वाटेत एका वळणावर टँकरचं पाणी सांडलं होतं. ओलं दिसलं म्हणून त्यांनी शहाण्या माणसानं करावं तेच केलं, पाय उचलला. गाडी मागून फिरली, एक पूर्ण गिरकी घेऊन तुरीच्या शेतात उलट्या तोंडानं उभी राहिली. काकूंचं मनगट मोडलं. दुसरं कुणी आसपास नव्हतं. असतं तर, हे वाक्य मी आजवर पुरं केलेलं नाही.

गाडी ओढून गॅरेजात आली. काका दवाखान्यात. फोनवर म्हणाले, "मशीनवर लाव बे, काही वाकलं का पाह."

लावली. काहीही वाकलं नव्हतं. पडद्यावर माझाच आकडा, मी ठेवला होता तसाच, रेघेसकट.

मी शटर अर्धं खाली ओढलं, चाकं खोलली, पट्ट्या काढल्या, टायर बदलले, गाडी घरच्या सेटिंगवर आणली. मग परत मोजली आणि मशीनमधून छापील कागद काढला. सगळे आकडे बरोबर. काका आल्यावर तो कागद त्यांच्या हातात दिला. म्हणालो, "सगळं ठीक आहे, काका."

त्यांनी तो घरी नेऊन प्लास्टरमधल्या काकूंपुढे धरला. "पाह, गाडीत काहीच नाही. तूच घाबरली."

काकू म्हणाल्या, "मले वाटलंच. माझंच चुकलं."

त्यानंतर त्यांनी किल्ली हातात घेतली नाही. मनगट बरं झालं तरी नाही. काटोलला एसटीनं जाऊ लागल्या, दर दुसऱ्या शनिवारी. गुडघे दुखायचे, स्टँडपासून घरापर्यंत थांबत थांबत यायच्या. पिशवीतून निवडून मोठी संत्री माझ्यासाठी वेगळी काढायच्या, "घे गा, तुह्या कोकणात असली नाही भेटत." शेजारणीला हसत सांगायच्या, "मले कुठं येते गाडी? म्या तर तुरीत नांगर घातला." शेजारीण हसायची, काकाही हसायचे. मी पाना शोधायला आत जायचो.

दोन वर्षं गेली. गावाहून माझी आई फोनवर विचारायची, जेवलास का, काकू बऱ्या आहेत ना, त्यांचे उपकार विसरू नको. मी हो म्हणायचो.

मग एका दुपारी काका लायसन्सचे कागद घेऊन आले. काकूंच्या लायसन्सची मुदत संपत होती. काकू तांदूळ निवडत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "राहू द्या. कशाले आता?" काकांनी कागद घडी करून खिशात घातला. एवढंच. पण मला कळलं की आता गप्प राहिलो तर हे कायमचं झालं.

काका गॅरेजात गेल्यावर मी मागच्या पायरीवर बसलो आणि सांगितलं. सोमवार, पट्ट्या, शटर, कागद. काकूंचे हात सुपात थांबले.

"दोन वर्षं," त्या म्हणाल्या. "दोन वर्षं मी एसटीच्या दांड्याले धरून गेली."

सुपातला एक खडा त्यांनी उचलून अंगणात टाकला.

"माय गेली तवा मी बसस्टँडवर होती. ठाऊक आहे ना तुले?"

ठाऊक होतं. मीच त्यांना स्टँडवर सोडून आलो होतो.

मला वाटलं, आता निघ म्हणतील. बॅग कुठली घ्यायची हेही मनात येऊन गेलं. त्या उठल्या, सूप आत ठेवून आल्या आणि म्हणाल्या, "तशीच कर गाडी. त्या दिवशी होती तशी. मले पाह्यचं आहे."

रविवारी काकांना घेऊन आम्ही मैदानावर गेलो. काकांना मी आदल्या दिवशी सांगितलं होतं. ते माझ्याशी बोलत नव्हते. टँकरनं एक वळण भिजवून घेतलं. काकू एकट्या बसल्या. पहिल्या फेरीत पाय उचलला आणि गाडी फिरली, चिखल उडाला, शंकू आडवा. त्या उतरल्या नाहीत. परत गेल्या, परत फिरली. पाच वेळा त्यांनी ती गाडी फिरवली. पाचव्यांदा आमच्यासमोर येऊन थांबल्या, काच खाली केली आणि काकांना म्हणाल्या, "पाह्यलं? मी नव्हती."

काका म्हणाले, "नव्हती वं. तू नव्हती."

मग काकू माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आता घरची कर. माह्यासमोर."

गॅरेजात त्यांनी स्टूल ओढून घेतलं. मी चाकं खोलली, पट्ट्या काढून त्यांच्या हातात दिल्या. त्यांनी त्या पदरात बांधल्या. गाडी मशीनवर चढली, आकडे आले. त्यांनी चष्मा लावून चारही चाकांचे आकडे एकेक करून मोठ्यानं वाचले, आणि मागच्या दोन आकड्यांपाशी पडद्यावर बोट ठेवून रेघ नाही ना हे तपासलं.

लायसन्स झालं. काकू आता गाडी चालवतात, काटोलला भावाकडे जातात. ताट अजून त्यांच्याकडेच वाढलं जातं, संत्रीही येतात. पण किल्ली घेण्याआधी त्या मशीनपाशी येऊन हात पुढे करतात. मी कागद देतो. त्या उभ्यानं सगळा वाचतात, घडी घालतात, पर्समध्ये ठेवतात आणि मगच गाडीत बसतात. पूर्वी नुसतं ओरडून विचारायच्या, "झाली का गा?" आणि मी हो म्हटलं की निघायच्या.