परातीतलं पिवळं पाणी

रमेशचा, माझ्या मुलाचा, फोन आला तेव्हा मी ओटीवर भात पाखडत होते. "आई, काका गेले," म्हणाला. घरी कधी आणता, एवढं मी विचारलं आणि सुपातलं भात पाखडून पुरं केलं. काम अर्धं टाकून उठावं इतका माझा दीर दामू माझा लाडका नव्हता. तेराव्यापर्यंत लोक येत राहिले, कोंडाण्याचे, खालापूरचे, माथेरानच्या हॉटेलांतले कामगारसुद्धा. देवमाणूस गेला म्हणाले. ज्यांनी ज्यांनी देवमाणूस म्हटलं त्यांना मी चहा विचारला नाही.

दामू कावीळ उतरवायचा. कडावला आमच्या पडवीत दर रविवारी माणसं बसलेली असायची. आंब्याची साल ठेचून तिचा रस तो त्यांच्या हातांना चोळायचा, खाली पितळेची परात ठेवायचा आणि वरून चुन्याचं पाणी ओतायचा. पिवळंधमक पाणी परातीत उतरायचं. माणूस हात जोडून घरी जायचा. पैसा घेत नसे, नारळ तेवढा घ्यायचा. बऱ्याच जणांची कावीळ पथ्यानं आपली आपणच बरी होते, तिचं श्रेय त्याला मिळायचं. एकदा घरात कुणी नसताना मी माझ्या धडधाकट हातांना साल चोळून चुन्याचं पाणी ओतलं. तस्संच पिवळं आलं. त्याला पडवीत सगळ्यांसमोर सांगितलं, तर म्हणतो, "तुज्यात पन थोडी आसंल, वैनी. उगाच का तोंड एवडं कडू?" सगळी पडवी हसली.

माझ्या नवऱ्याला कावीळ झाली तेव्हाही हीच परात मांडली. दवाखान्यात नेऊ म्हटलं, तर दामू म्हणाला, एवढा रविवार जाऊ दे. तो गेला, पुढचा गेला... मग नवराही गेला. तेव्हापासून मी दामूला लबाड म्हणत आले, तोंडावर आणि चारचौघांत. सालीचं नि चुन्याचं गुपित त्याला ठाऊक आहे आणि तो सगळ्यांना बनवतो, अशी माझी पक्की खात्री होती. त्याची बायको लवकर गेली, मूलबाळ नाही, तेव्हा भाकरी मीच द्यायची. ती दिली. बोलणं मात्र गोड केलं नाही.

मग त्याच्याच लिव्हरमध्ये गाठ निघाली. मुंबईच्या दवाखान्यात अर्ध्याहून जास्त लिव्हर कापून काढलं. सोबत मी आणि रमेश. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या की राहिलेलं लिव्हर परत वाढतं. काही आठवड्यांनी फोटो काढून त्यांनी कॉम्प्युटरवर दोन्ही शेजारी शेजारी दाखवले, ऑपरेशननंतरचा लहानसा तुकडा आणि आताचं मोठं झालेलं. दामू खुर्चीतून उठलाच. "बग वैनी, उगावलं." बाई हसल्या नाहीत. त्याचे डोळे पिवळे दिसत होते, पायांवर सूज होती. या फोटोत आकार कळतो, काम कळत नाही, असं त्या म्हणाल्या. आकार आधी वाढतो, काम मागून येतं, कधी पुरेसं येतच नाही. म्हणून सोमवारी दुसरा स्कॅन करायचा होता. शिरेतून औषध सोडायचं, लिव्हर ते किती उचलतं आणि पुढं पित्तात किती सोडतं हे कॅमेऱ्यानं बघत राहायचं. त्यावरून पुढचे उपचार ठरणार होते.

मला समजलं. शेत कमरेएवढं वाढतं, लोंब्या डोलतात, आणि सुपात घेतलं की निम्मं पोचट उडून जातं. परतताना मी त्याला म्हटलं, "भावजी, भात उंच झालं म्हंजी दाना भरला का?"

"तू चौथी शिकलीस," तो म्हणाला, "तेवड्यावर ऱ्हा."

त्या रविवारी पडवी रिकामी होती. दामूनं परात काढली, साल ठेचली, स्वतःचेच हात चोळले आणि मला तांब्या धरायला सांगितलं. मी उंबऱ्यातून हलले नाही. मग त्यानं एका हातानं दुसऱ्यावर पाणी ओतलं. पिवळं उतरलं. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. आता तरी ओशाळेल, निदान माझी नजर चुकवेल... पण हात जोडून घरी जाणाऱ्या माणसांचा चेहरा व्हायचा तसाच त्याचा झाला. "उतारली गं, वैनी," म्हणाला.

सोमवारी रमेशनं गाडी दारात आणली. पिशवी मी भरून ठेवली होती. दामू उठेना. "कावीळ उतारली. आता कसला फोटू काडायचा?"

"त्या पान्यानं भाऊ खाल्लास," मी म्हटलं, "आता सोताला खा."

रमेशनं दंड धरला, तो त्यानं झटकला. दवाखान्यातून फोन आला, तो घेतला नाही. पुढं त्याला झोपच झोप यायला लागली, मला आई म्हणून हाक मारू लागला. उचलून नेलं तेव्हा कॅमेऱ्यानं बघायचं काही उरलं नव्हतं.

माझा राग कुणी समजूत घालून काढू नये. त्याच्यापायी माझा नवरा गेला, हे खरंच आहे. पण इतकी वर्षं ज्याला लबाड म्हटलं तो लबाड नव्हता. लबाड असता तर त्या सोमवारी मुकाट गाडीत बसला असता. म्हणजे भावालाही त्यानं खरं मानूनच मारलं... याचं मी काय करायचं, ते तेराव्याला आलेल्यांपैकी कुणी सांगितलं नाही.

परात अजून पडवीत आहे. चिंच लावून घासली, तरी काठाखालचा चुन्याचा पट्टा जात नाही. गेल्या रविवारी खालापूरकडचा एक माणूस बायकोला घेऊन आला. त्याचे डोळे हळदीसारखे. बाबा हायत का, विचारू लागला. मी म्हटलं, "मेला. काविळीनंच मेला. तू आजच्या आज दवाखान्यात जा." त्यानं मान हलवली, परातीकडे बघितलं आणि म्हणाला, "मंग मावशी, तुमी उतारवता का?"

मी परात पालथी घातली आणि तिच्यावर बसले. दोघं रिक्षात चढेपर्यंत उठले नाही.