गोदावहिनींची बाही

वहिनी गेल्याची बातमी आली तेव्हा मी ओसरीवर शिंप्याशी भांडत होतो. भांडण माझ्या पत्नीच्या नव्या पोलक्यावरून होतं. बाही मनगटापर्यंत, गुंड्या देखण्या, कापड उंची. पण दंडात आणि बगलेत ते इतकं घट्ट शिवलं होतं की पार्वतीला फडताळावरचा डबा काढायलाही शेजारणीला हाक मारावी लागे. शिंप्यानं तोंडातलं पान सावकाश एका गालातून दुसऱ्या गालात नेलं आणि म्हणाला, "मास्तर, ही मुंबईची टूम आहे. तिकडे अशीच घालतात." मी म्हणालो, ही टूम मुंबईची नाही... आणि पुढचं वाक्य नेहमीसारखं गिळलं. तेवढ्यात आमच्या गावचा गाडीवान दारात येऊन उभा राहिला. त्यानं डोक्याचं मुंडासं काढून हातात घेतलं. गोदाबाई तापानं गेल्या, एवढंच तो बोलला. शिंप्यानं पोलक्याची घडी केली आणि न सांगता निघून गेला.

ते वाक्य मला इतकी वर्षं का गिळावं लागलं, आणि आता का गिळावं लागत नाही, हे सांगायला हा लेख लिहितो आहे.

गोदावहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, दादाची बायको. अकोल्याजवळ आमचं गाव, काळ्या जमिनीचं. दादानं शेती केली, मी शिकून अमरावतीला शाळेत मास्तर झालो. वहिनींबरोबर राहणं सोपं नव्हतं, हे त्या गेल्या म्हणून मी लपवणार नाही. समोरच्याचं वाक्य त्या कधी पुरं होऊ देत नसत. पाहुणे जेवायला बसले असताना गोठ्यात निघून जात. मी स्वभावानं जरा रडवा माणूस. कुणाला बोललो की रात्रभर खातं आणि सकाळी मी क्षमा मागायला जातो. वहिनींपुढे तीही सोय नव्हती. मी "वहिनी, काल माझं चुकलं," असं सुरू केलं की त्या माझ्या हातात काहीतरी धरायला देत. सुताची लड, सुपाची कड, वासराचं दावं. ते धरून मी उभा राही आणि क्षमा तशीच राहून जाई.

अमेरिकेत लढाई जुंपली आणि आपल्या कापसाला भाव आला ते दिवस वाचकांना आठवत असतील. ज्वारीची वावरं कापसाखाली गेली, विहिरीच्या काठापर्यंत कापूस आला. बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या लागल्या. आणि गंमत अशी की सगळा कापूस विलायतेला चालल्यामुळे या कापसाच्या मुलखात कापड मात्र महाग झालं. वेचणाऱ्या बायांचे हाल कुणाच्या ध्यानातही नव्हते. आपल्याकडची चोळी म्हणजे आखूड बाहीची, अंगाला चापून बसणारी, पुढे गाठ मारायची. एका खणात एक चोळी, कापड वाया जाऊ द्यायचं नाही. दिवसभर हात लांबवून वेचायचं तर ती बगलेत टरकते, आणि कोपरापासून खाली हात उघडा. वाळलेल्या बोंडांची टोकं सुईसारखी असतात. संध्याकाळी बायांचे हात पाहवत नसत. आमचं घर पाटलाचं; पाटलाच्या घरची बाई वावरात वेचायला जात नाही, पण वहिनी जात. आईनं बोलून पाहिलं, दादानं बोलून पाहिलं, मीही एक लांबलचक भाषण दिलं. त्या ऐकत होत्या असं मला वाटलं होतं; मग कळलं की त्या माझ्या अंगावरच्या सदऱ्याची बाही पाहत होत्या.

त्या दिवाळीला मी घरी गेलो तेव्हा नवं, निळ्या काठाचं धोतर घेऊन गेलो होतो. एकदाच नेसलो, धुऊन वाळत घातलं, आणि संध्याकाळी दोरीवर धोतर नाही. सगळ्या घराला विचारलं. शेवटी वहिनींना विचारलं.

"धोतर? वेचाले गेलं," त्या म्हणाल्या.

म्हणजे त्यांनी त्याच्या बाह्या कापल्या होत्या. मनगटापर्यंत लांब, सैल, मनगटाशी आणि पुढे छातीवर कापडाच्या गुंड्या, गाठ नाही; अख्ख्या वस्त्राला पुढे सगळे बाहीच म्हणू लागले. बगलेत मात्र त्यांचं जमत नव्हतं. मी संतापून उभा होतो तर त्यांनी ते अर्धवट शिवलेलं कापड माझ्याच अंगावर चढवलं. "भाऊजी, हात वर करा." मी म्हणालो, वहिनी, ते धोतर नवं होतं. "हो. आता दुसरा करा." आई दारातून बघत होती, गडी बघत होते, आणि अमरावतीच्या शाळेतला मास्तर अंगणात दोन्ही हात वर करून उभा. बगलेत ओढ बसते हे माझ्या अंगावर त्यांना दिसलं. त्यांनी टाके उसवले आणि तिथे एक चौकोनी तुकडा तिरपा बसवला. मग पुन्हा हात वर. या वेळी हात सरळ कानाला लागला. त्या हसल्या बिसल्या नाहीत. "झालं," म्हणाल्या आणि माझ्या उरल्यासुरल्या धोतराची घडी घालून निघून गेल्या. त्यातून दोघी-तिघींच्या बाह्या निघाल्या. बाकीच्यांसाठी घरातलं जुनेर गेलं, दादाची उपरणी गेली.

याच सुमारास मी त्यांच्या लेकीसाठी, चंद्रीसाठी एक स्थळ आणलं होतं. अमरावतीला आमच्याच जातीतले, कापसाच्या अडतीत वर आलेले, मुलगा शिकलेला आणि सालस. चंद्री तिथे सुखात राहील याची मला खात्री होती आणि वहिनींनाही स्थळ मनापासून हवं होतं. त्याबद्दल त्यांनी मला दोनदा विचारलं, आणि त्या कुठलीच गोष्ट दोनदा विचारत नसत. मुलाची आई सरस्वताबाई हिनं निरोप पाठवला की सीतादहीच्या दिवशी येतो, म्हणजे मुलगी आणि वावर दोन्ही पाहता येईल. वेचणी सुरू करण्याआधी वावरात सीतादही करतात. दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा, झाडाला हळदकुंकू वाहायचं आणि घरच्या बाईनं नवी खणाची चोळी घालून पहिली बोंडं वेचायची. आईनं वहिनींसाठी खास खण आणून चोळी शिवून ठेवली होती. मी आदल्या दिवशी पोचून वहिनींना हात जोडून सांगितलं की एक दिवस, फक्त उद्याचा दिवस, ती चोळी घाला.

दुसऱ्या दिवशी वहिनी वावरात आल्या त्या माझ्या धोतराच्या बाह्या घालून. नवी चोळी त्यांनी सगळ्यांत म्हाताऱ्या वेचणारणीला घातली होती आणि पहिली बोंडं तिच्याच हातून वेचवली. आईनं डोळे मिटून घेतले. मी सरस्वताबाईंकडे पाहू शकत नव्हतो. नागपुरी लुगडं, रेशमी चोळी, दंडात सोन्याच्या वाक्या, अशी ती बाई बांधावर उभी होती. ती वहिनींना म्हणाली, "इहीणबाई, घरात कापड नव्हतं तं सांगाचं होतं." मागे तिच्यासोबतच्या बाया हसल्या.

वहिनी म्हणाल्या, "वेचून पाह्यता का?"

सरस्वताबाईही कमी नव्हती. वावराची सवय तिला लहानपणी होतीच, फक्त विसरली होती. ती पुढे झाली, चार झाडं वेचली, पाचव्याला हात आत घातला आणि रेशमाची बगल टर्रकन गेली. कोपराखाली लाल ओरखडा उठला. आता कुणी हसलं नाही. वहिनींनी डालीतून दुसरी बाही काढली, तिच्या हातात चढवली आणि म्हणाल्या, "हात वर करा." सरस्वताबाईनं हात वर केला. खाली घेतला. पुन्हा वर केला. मग बाही काढून परत दिली, गाडीत जाऊन बसली आणि गाडी निघाली. निरोप नाही, होकार नाही, नकार नाही.

मी वहिनींना त्या दिवशी जे बोललो ते सगळं लिहीत नाही. तुमच्या बाहीपायी पोरीचं लग्न मोडलं, हे त्यातलं सौम्य. त्या वेचलेला कापूस गाठोड्यात बांधत राहिल्या. रात्री जेवल्या नाहीत, एवढं आईनं मला नंतर सांगितलं.

महिना गेला असेल. अमरावतीत एका हळदीकुंकवाहून पार्वती परत आली आणि सांगू लागली की सरस्वताबाईंनी काय सुरेख नवी तऱ्हा काढली आहे! मनगटापर्यंत बाही, पुढे मोत्याच्या गुंड्या, गाठ नाही. मुंबईहून शिवून आणलं म्हणे. मी कपाळाला हात लावला. त्याच आठवड्यात त्यांच्याकडून मला बोलावणं आलं. स्थळ पसंत होतं. एकच अट होती. ही बाही वेचणाऱ्या बायांची, हे वहिनींनी किंवा आम्ही कुणी बोलायचं नाही. आणि मी... मी वहिनींना न विचारता तिथल्या तिथे हो म्हणून आलो. मला वाटलं, यात काय मोठं. चंद्रीचं लग्न ठरतंय.

गावी जाऊन सांगितलं तेव्हा वहिनी चरकीवर सरकी काढत होत्या. मी क्षमा मागायला लागलो. त्यांनी माझ्या हातात टोपली दिली. मग म्हणाल्या, "नाव घेऊन मी काय करू भाऊजी? पोरीचं होऊन राहिलं ना. नाही बोलत." आणि लग्नात त्यांनी खणाची गाठीची चोळी घातली, जी त्यांना अजिबात आवडत नसे, आणि खरोखरच कधी बोलल्या नाहीत. व्याह्यांच्या अंगणात बायका मुंबईच्या टुमेचं कौतुक करत, तेव्हा त्या पानाचे देठ खुडत बसत.

पुढे काय झालं ते आपण सगळे पाहतोच. अडत्यांच्या बायका, वकिलांच्या बायका, आता मास्तरांच्याही बायका पोलकी घालतात. अकोल्यात, अंजनगावच्या बाजारात तयार बाह्या विकायला आल्या. कुणी म्हणतं मुंबईहून आलं, कुणी म्हणतं मडमांचं पाहून. कुणी विचारलं की मला आतून चीड येई, आणि चीड कुणावर काढायची तर ती वहिनींवरच निघे. का गप्प बसता? त्या म्हणत, तुमीच तं कबूल करून आले. त्यांची स्वतःची तक्रार निराळीच होती. शिंप्यांनी बगलेतला तुकडा काढून टाकला, ही. तो तुकडा घातला की खाली झोळ दिसतो, अंगावर बेतशीर बसत नाही, म्हणून उडवला. "माह्यं नाव खाल्लं तं खाऊ द्या. बगल काहून खाल्ली?" हे त्या खरोखर रागानं म्हणत.

आमची शेवटची भेट चंद्रीच्या सासरी झाली. चंद्रीला मुलगा झाला म्हणून वहिनी अमरावतीला आल्या होत्या. लढाई संपली होती, भाव उतरले होते, चांदीच्या शेंब्या सोनाराकडे परत गेल्या होत्या. पोलकी मात्र राहिली. चंद्री जांभळं रेशमी पोलकं घालून पाळण्याशी उभी होती. पोर रडत होतं आणि पाळणा उंच टांगलेला. तिला हात उचलून आत घालता येईना. तिनं मोलकरणीला हाक मारली. वहिनी बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "काढ ते." लेकीनं सासूकडे पाहिलं. "तिच्याकडं काय पाह्यतं? काढ." आम्ही पुरुष बाहेर गेलो. परत आत गेलो तेव्हा चंद्री जुनेरात बसली होती, मूल मांडीवर होतं आणि वहिनी खिडकीशी ते जांभळं पोलकं उसवत होत्या. मी म्हणालो, वहिनी, परक्या घरात हे काय. त्यांनी मला सुईत दोरा ओवायला दिला.

त्या गेल्यानंतर दिवस गावी झाले. सरस्वताबाईही आल्या होत्या. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी चंद्री अंगणात धुणं वाळत घालत होती. दोरी उंच, तिनं दोन्ही हात वर नेले, आणि जांभळ्या रेशमाच्या बगलेत एक जाडाभरडा पांढरा तुकडा उघडा पडला. त्याला निळा काठ होता. शेजारची एक बाई बोललीच, अगं, एवढ्या चांगल्या पोलक्याला हे काय ठिगळ. चंद्रीचा हात दोरीवरच थांबला. तिनं सासूकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं... अजूनही.

सरस्वताबाई ओट्यावर बसून होत्या. त्या म्हणाल्या, "ठिगळ नाही वो ते. तिच्या मायचं हाय. आन् बाहीबी तिच्या मायचीच. मुंबईची नाही, इथल्या वेचणीची."

ती शेजारीण "असं का" म्हणाली आणि आपल्या घरी गेली. बस्स. जे अमरावतीच्या भरल्या अंगणात, वहिनींच्या देखत बोलायचं, ते एका शेजारणीसमोर, ओल्या धुण्याच्या साक्षीनं बोलून झालं. मला आनंद व्हायला हवा होता. मला इतका वैताग आला की मी उठून गोठ्यात गेलो. तिथे वासराचं दावं कुणाच्या हातात नव्हतं, ते मी जाऊन धरलं आणि उभा राहिलो.

परवा शिंपी पोलकं घेऊन परत आला. मी गिळलेलं वाक्य त्याला पूर्ण ऐकवलं. त्याचा विश्वास बसला नाही. मास्तर दुःखात आहेत असं त्याला वाटलं असावं. मग मी पेटीच्या तळातून त्या धोतराचा शेवटचा हातभर तुकडा काढला, त्या शेवटच्या भेटीत वहिनींनी घडी घालून परत केलेला, आणि त्याला म्हणालो की यातून दोन चौकोन काप, बगलेत घाल. झोळ दिसेल, तो म्हणाला. दिसू दे.

आता फडताळावरचा डबा पार्वती स्वतः काढते. तिचा हात वर गेला की निळा काठ दिसतो, आणि मला दर वेळी तेच आठवतं... ते धोतर नवं होतं. मी एकदाच नेसलो होतो.