उजवा कौल

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलाला नाही, देवीला तर नाहीच — तिला काय सांगायचं, ती तिथेच होती. तुम्हाला सांगतो, कारण उद्या तुमच्या शेजारी बसून मला जेवायचं नाही.

आधी एक गोष्ट साफ करून टाकतो. पनवेलजवळ, पळस्प्याच्या अंगाला, माझी दगडाची खाण आहे. आमच्याकडे क्वारी म्हणतात. मला तिची लाज वाटत नाही. वरून खाली पायऱ्या पाडत डोंगर उघडायचा, भोंगा वाजवून माणसं लांब न्यायची, सुरुंग उडवायचा, दगड क्रशरला लावून खडी करायची — हा धंदा मी उन्हात उभा राहून शिकलो. धुळीनं छाती भरली, कान अर्धे गेले. तुम्ही नाक मुरडाल. मुरडा खुशाल! पण नवीन पनवेलच्या ज्या फ्लॅटमध्ये बसून हे वाचताय, त्याचा स्लॅब काय आभाळातून पडला?

आमची भातशेती शहरात गेली, मिठागर गेलं. उरली होती एक टेकडी, माझी आणि दादाची. आजूबाजूच्या टेकड्या बाहेरच्यांनी येऊन फोडल्या आणि आमच्या गावची माणसं त्यांच्या फाटकावर वॉचमन म्हणून बसली. मी का नाही मालक व्हायचं? सांगा ना — का नाही? सगळे परवाने हातात होते. अडून बसला होता तो फक्त दादा.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. वडील गेल्यावर त्यानंच मला वाढवलं. गावदेवीची पूजा त्याच्याकडे, कौलही तोच लावायचा. देवीच्या शेंदरी पाषाणाला उजवीकडे एक आणि डावीकडे एक अशा ओल्या कळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. लग्न, घरभरणी, दुखणं — सगळं गाव दादाकडे यायचं. टेकडीच्या सहीचा विषय निघाला तेव्हा तो म्हणाला, "आईला इचारू. ती हो म्हनली तर मी सही करतो." गावानंही मान डोलावली, कारण गावची विहीर टेकडीच्या पायथ्याशी, टेकडी फोडली तर पाणी जाईल ही धास्ती.

आणि मी काय केलं? सांगतो, थांबा जरा.

देवीला शेंदूर लावायचं काम लहानपणापासून माझं. त्या सकाळी डाव्या खांद्यावरच्या शेंदरात मी फणसाचा चीक कालवला.

उजवी कळी पडली. डावी हलेना. दुसऱ्या दिवशीही हलेना, सुकून काळी पडली तरी हलेना. बायका हात जोडून बघायला आल्या — काय आमच्या आईचं सत्त्व, म्हणाल्या. मीही हात जोडले. आतून हसू येत होतं, खोटं कशाला बोलू? दादानं सही केली.

या लबाडीचं मला आजही फारसं काही वाटत नाही. देवीला टेकडी राखायचीच होती तर तिनं डावी कळी पाडायची होती. चिकापुढे जिचं चाललं नाही, तिनं मला का अडवावं? बघा, किती निर्ढावलोय मी. पण मला सांगायचंय ते हे नव्हेच — मघापासून मी त्याच्या भोवतीच फिरतोय.

खाण चालू झाली. पुढे विहिरीचं पाणी खोल गेलं, सुरुंगांनी घरांच्या भिंतींना तडे गेले. गावानं मला शिव्या घातल्या. मी टँकर लावले, भिंती लिंपून दिल्या, शिव्या पचवल्या. दादाला मात्र कोणी एक शिवी दिली नाही. त्याच्याकडे कौल लावायला येणंच बंद केलं. लोक उरणकडच्या कुठल्याशा भगताकडे जाऊ लागले. दादा रोज देऊळ झाडायचा, कळ्या भिजवून ठेवायचा, आणि कोणी यायचं नाही.

मग एका दुपारी तो क्वारीवर आला. एरवी कधी पाऊल ठेवायचा नाही. भोंगा झाला होता, आम्ही सगळे लांब उभे होतो. तेवढ्यात त्यानं विचारलं, "खरं सांग रं. आईचा कौल मी चुकीचा सांगितला का? माज्या हातून काय पाप झालं हाय का?"

एक वाक्य पुरलं असतं. ते ओठांवर आलंही होतं — नाही, आलं नव्हतं. कोणाला फसवतोय मी? त्याला खरं कळलं असतं तर त्यानं तसंच गावात जाऊन सांगितलं असतं, आणि खाण बंद पडली असती. मी मालक होतो. मला मालकच राहायचं होतं.

मी म्हणालो, "चुकला अशील, दादा. वय झालं तुजं."

सुरुंग उडाला. दादानं कानांवर हातसुद्धा ठेवले नाहीत. नुसती मान हलवली आणि चालू लागला.

ज्यानं मला वाढवलं त्याची देवी मी त्याच्यापासून तोडली, आणि पाप त्याच्याच माथी मारलं. शुद्धीत, भरदिवसा. त्याचं वाईट वाटतं मला, फार वाटतं. पण खाण चालू आहे, आणि मी त्याला अजून सांगितलेलं नाही. सांगणारही नाही. तुमची माफी मला नको, समजूत तर त्याहून नको.

त्या दिवसापासून दादानं पूजा सोडली, आता पुतण्या करतो. दादा सकाळी देवळासमोर रस्त्यावर उभा राहून हात जोडतो. चपला काढत नाही, आत जायचं नसतं ना. त्याच वेळी माझी जीप तिथून क्वारीकडे जाते. तो मला हात करतो, आणि मीही करतो.