सावकाशकाकांची धाव

दुकानाच्या पाटीवर नुसतं 'एअरगन दुरुस्ती' एवढंच होतं. मालकाचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं आणि अडतही नव्हतं, कारण गल्लीत लहानथोर सगळे त्यांना सावकाशकाका म्हणत. गिऱ्हाईक दारात आलं की काका म्हणायचे, "सावकाश," पायरी उंच होती म्हणून. त्यानं बंदूक टेबलावर ठेवली की पुन्हा "सावकाश," दस्ता आपटेल म्हणून. आणि तो म्हणाला, "काका, हिचा वेग जरा वाढवून द्या," की तिसऱ्यांदा "सावकाश," आणि या वेळी खुर्ची पुढे सरकवून, कारण आता व्याख्यान असायचं.

हे व्याख्यान अडतीस वर्षांत एका शब्दानं बदललं नव्हतं. "दहा मीटरवर कागद लावणार ना? कागद काही पळून जात नाही. मग छर्ऱ्याला एवढी कसली घाई? सेकंदाला एकशे सत्तर मीटर गेला तरी वेळेत पोचतो. तीस मीटरवरचे डबे पाडायचेत? अडीचशे म्हणजे डोक्यावरून पाणी. त्याच्या पुढे गेलात तर स्प्रिंग अशी लाथ मारते, की छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आधीच नेम हलतो. आणि तीनशे चाळीसच्या आसपास, आवाजाच्या वेगाला शिवला, की तो हवेत झोकांड्या खायला लागतो. झोकांड्या खाणारा माणूस सरळ घरी पोचतो का?"

काहींना पटायचं. ज्यांना पटायचं नाही ते दुसरीकडे जायचे आणि चार-सहा महिन्यांनी तुटकी स्प्रिंग घेऊन परत यायचे. काका निमूटपणे दुरुस्त करून द्यायचे. निमूट राहणं त्यांना किती जड जायचं ते फक्त बायकोला माहीत, कारण ते सगळं घरी जेवताना तिला ऐकावं लागायचं.

असा हा तत्त्वाचा माणूस. पण जावयापुढे भल्याभल्यांची तत्त्वं ढिली पडतात.

जावई पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात नकाशे काढायच्या कामावर होता. सालस, हसरा, लेकीला फुलासारखं जपणारा. खोड एकच. शेजारच्या टेबलावरच्या माणसानं नवी एअरगन घेतली होती आणि तिच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत तीनशे साठ छापलं होतं. तेव्हापासून जावयाला अन्न गोड लागेना.

"बाबा, तो रोज जेवायच्या सुट्टीत तीनशे साठ, तीनशे साठ करतो," शनिवारी दुकानात बंदूक पुढे ठेवत तो म्हणाला. "माझी दोनशे चाळीस. सांगायची लाज वाटते हो."

"जावईबापू, खोक्यावरचा तो आकडा पिसासारखे हलके छर्रे मारून काढलेला असतो. हलका छर्रा भरला की यंत्र मोठा आकडा दाखवणारच. नेम त्यानं सुधारत नाही."

"पण आकडा तो आकडाच ना?"

काका व्याख्यानासाठी खुर्ची ओढणार होते, पण जावयाचं ते लहान मुलासारखं उतरलेलं तोंड पाहून थांबले. आणि तिथेच त्यांना ती नसती युक्ती सुचली. बंदूक उघडायची, जुनी मऊ स्प्रिंग काढायची, शेजारी एक नवी कडक स्प्रिंग दाखवण्यापुरती ठेवायची, आणि ग्रीस लावून जुनीच पुन्हा आत बसवायची. मग वेग मोजताना हलक्यातले हलके छर्रे भरायचे. आकडा वाढेल, बंदूक आहे तशीच राहील. साप मरेल आणि काठीही मोडणार नाही.

काम चालू असताना जावयाची टकळी काही थांबत नव्हती. तो माणूस सोमवारी कसा गप्प बसेल, साहेब काय म्हणतील, सगळं साग्रसंगीत. काका हूं हूं करत होते आणि हात आपलं काम करत होते. बंदूक जोडून झाली. काकांनी वेग मोजायच्या यंत्रावरून एक हलका छर्रा भिंतीवरच्या जाड फळीत मारला.

यंत्रावर आकडा आला, तीनशे चव्वेचाळीस.

जावई टाळ्या पिटायचा तेवढा राहिला. काकांना क्षणभर नवल वाटलं, एवढा? मग त्यांनी स्वतःची समजूत घातली, की ही सगळी हलक्या छर्ऱ्यांची करामत. नवऱ्याला घेऊन जायला आलेली लेक दाराशी उभी होती. ती नुसती बंदुकीकडे बघत राहिली. मग दोघं घरी गेली.

रविवारी दुपारी काका नेमबाजीच्या क्लबची एक बंदूक घेऊन बसले होते. त्याच कंपनीची, आत तशीच मऊ स्प्रिंग. कालचे हलके छर्रे टेबलावरच होते, म्हणून गंमत म्हणून त्यांनी तेच भरले. आकडा आला दोनशे पासष्ट. पुन्हा मारला, दोनशे त्रेसष्ट. तिसऱ्यांदा, दोनशे सहासष्ट.

काका चष्मा पुसून आकड्याकडे बघत बसले. तीच स्प्रिंग, तेच छर्रे, मग काल तीनशे चव्वेचाळीस कुठून आले? त्यांनी टेबलाचा खण ओढला. त्यात जावयाच्या बंदुकीतली मऊ स्प्रिंग होती, कालच्या ताज्या ग्रीसनं माखलेली. कडक स्प्रिंग कुठेच नव्हती.

दाखवण्यापुरती ठेवलेली स्प्रिंग आत गेली होती आणि आत जायची ती खणात पडली होती. दुसऱ्या कुठल्याही दिवशी एवढा आकडा दिसला असता, तर काकांनी बंदूक जागच्या जागी उघडली असती. पण काल ते दुसऱ्याला आकड्यानं फसवायला बसले होते, म्हणून स्वतः आकड्यानं फसले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

आणि नुसती बंदूक बिघडायचा प्रश्न असता, तर काका सावकाश उठले असते. पण लेकीच्या घरात एक लांबोळका बोळ होता, बरोबर दहा मीटरचा. त्याच्या टोकाला निशाणाची पेटी टांगलेली. ती पेटी काकांनीच केली होती, लेक बारा वर्षांची असताना, तिच्या एकशे सत्तरच्या छोट्या बंदुकीसाठी. आत चिंध्या आणि मागे पातळ फळी, बस. पेटीमागे नुसती पुठ्ठ्यासारखी आडभिंत, आणि तिच्यापलीकडे शिवणयंत्र, त्यावर लेक आडभिंतीला पाठ लावून बसायची. जावई सांगून गेला होता, रविवारी चार वाजता नेम धरायला बसणार. त्या बोळात एकाच जागी कडक स्प्रिंगचे दहा-वीस छर्रे बसले, की चिंध्या आणि फळी कितीशा टिकणार? घड्याळात पावणेचार झाले होते.

त्यांनी लेकीला फोन लावला. वाजत राहिला. शिवणयंत्राच्या खडखडाटात तिला कधीच ऐकू यायचं नाही. जावयाला लावला, तर बंद. नेम धरताना फोन बंद ठेवावा, हे त्याला शिकवणारे शहाणे कोण, तर हेच.

मग काका धावले. अडतीस वर्षांत त्यांना धावताना कुणी पाहिलं नव्हतं. चप्पल एका पायात धड, एका पायात अर्धी. पायरी उंच आहे हे त्यांचं त्यांनाच आठवलं नाही आणि ते धडपडले. समोरचा न्हावी साबणाचा ब्रश हातात घेऊन बाहेर आला आणि ओरडला, "अहो सावकाश, काका, सावकाश!" जन्मभर दुसऱ्यांना सांगितलेलं असं व्याजासकट परत आलं. तीन चौक, एक पूल, दोन मजले. काकांच्या डोक्यात एकच चित्र होतं, लेकीची वाकलेली पाठ.

दार उघडंच होतं. आतून 'टक' असा आवाज आला आणि शिवणयंत्राची खडखड एकदम थांबली.

"थांबा!" काका ओरडले, पण घशातून नुसती हवा आली. जावयाला तसंच ओलांडून ते बोळातून धावले आणि आतल्या खोलीचं दार ढकललं.

लेक सुईत दोरा ओवत होती. एक डोळा मिटून, जीभ दातात धरून, लहानपणी नेम धरायची तशीच.

"बाबा? काय झालं? आई बरी आहे ना?"

काकांनी दाराची चौकट धरली. त्यांचा जीव भांड्यात पडला. ते मटकन खाली बसले आणि लेकीचा पाय धरून राहिले, दुसरं काही हाताला लागलं नाही म्हणून. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचीही त्यांना शुद्ध नव्हती.

तोवर जावई हातात कागद नाचवत आला. "बाबा, बरे आलात! हे बघा, पाच छर्रे आणि एकच भोक! याला म्हणतात वेग!"

काकांनी कागद पाहिला. भोक खरंच एक होतं, तेही बरोबर मधोमध. तीनशे चव्वेचाळीसच्या बंदुकीतून असं भोक पडत नाही, हे काकांना झोपेतही कळलं असतं. ते उठले, बोळात गेले आणि पेटी खाली उतरवून उघडली. सगळे छर्रे चिंध्यांच्या दुसऱ्याच थरात गुमान बसले होते. फळीवर ओरखडासुद्धा नव्हता.

"जा हो, बाबांना पाणी आणा," लेक नवऱ्याला म्हणाली. तो गेल्यावर तिनं शिवणयंत्राचा खण उघडला, रिळांच्या खालून कडक स्प्रिंग काढली आणि बापाच्या हातात ठेवली.

"काल दुकानात तुम्ही छर्रा मारलात ना, तेव्हाच आवाज ऐकला मी. मऊ स्प्रिंग थप्प वाजते, ही ठण्ण वाजली. लहानपणापासून तुमच्या टेबलाखाली बसून ऐकलंय, विसरेन का? संध्याकाळी हे निशाणाचे कागद आणायला बाहेर गेले तेव्हा मी बंदूक उघडली. स्प्रिंग दाबून धरायचा शिकंजा लावला, ती सोडताना तोंड बाजूला ठेवलं, सगळं तुम्ही शिकवलंत तसं. आत माझ्या बंदुकीतली घातली."

"तुझ्या? ती बाराव्या वर्षाची?"

"तीच. एकशे सत्तरची."

"अगं, मग तिथंच का नाही बोललीस?"

"त्यांच्यासमोर? तुम्हाला खाली मान घालायला लावू? उद्या दुकानात येऊन सांगणारच होते." मग ती जरा हसली. "भिंतीला पाठ लावून मीच बसते ना, बाबा. मग बंदूक बघायला नको?"

आपण शिकवलेलं आपल्याला वाचवायला येतं तेव्हा माणसाला अभिमान वाटावा की लाज, हे काकांचं ठरेना. दोन्ही वाटलं आणि दोन्हींपेक्षा जास्त नुसतं सुटल्यासारखं वाटलं.

जावई पाणी घेऊन आला तेव्हा काकांनी ते एका दमात प्यायलं आणि दुसऱ्या दमात सगळं सांगून टाकलं. हलके छर्रे, दाखवायची स्प्रिंग, झालेली चूक आणि लेकीनं केलेली दुरुस्ती, काही हातचं राखलं नाही. जावयाचं तोंड आधी उतरलं, मग आडभिंतीकडे बघून पांढरं पडलं. त्यानं बायकोच्या खांद्यावर हात ठेवला तो बराच वेळ काढला नाही. मग त्यानं पुन्हा तो कागद पाहिला.

"म्हणजे हे भोक मी लहान मुलीच्या स्प्रिंगनं पाडलं?"

"हो."

"एकशे सत्तरनं?"

"हो."

"मग उद्या त्या तीनशे साठवाल्याला कागदच दाखवतो. आकडा विचारला तर सांगेन, बायकोचा आहे."

तिघंही हसली. काका जरा जास्तच हसले, श्वास अजून जागेवर यायचा होता. मग त्यांनी पेटी पुन्हा टांगली, दोनदा हलवून पाहिली आणि जावयाला म्हणाले, "आता दहा छर्रे मारा."

स्वतः मात्र ते आतल्या खोलीत गेले, लेकीला खुर्चीवरून उठवलं आणि तिच्या जागी, तिच्यासारखीच आडभिंतीला पाठ लावून बसले.

"बाबा, हे काय?"

"गप. ऐकू दे."

पाठीमागे टक झालं. छर्रा चिंध्यांत थांबला. पुन्हा टक, पुन्हा थांबला. काका डोळे मिटून मोजत होते. दहा झाले.

"जावईबापू," त्यांनी तिथूनच हाक मारली, "आणखी दहा मारा. सावकाश."