लालीबाईच्या दारापर्यंतचा रस्ता

गाडीत बसण्याआधी भावसिंग चपला काढायचा. एकमेकींवर आपटून त्यांची माती झाडायचा आणि सीटखाली ठेवायचा. गाडी सुरू करण्यापूर्वी तिच्याभोवती एक फेरी मारायचा. बैलाच्या पुठ्ठ्यावर देतात तशी बॉनेटवर थाप द्यायचा. वळण फर्लांगभर दूर असतानाच हात बाहेर काढायचा, रस्त्यावर चिटपाखरू नसलं तरी. बैलगाडीला मागे टाकताना हॉर्न वाजवत नसे. वेग कमी करून गाडीवानाला रामराम घालायचा, मग पुढे जायचा. चढावर गाडीशी बोलायचा, तेही आपल्या बंजाऱ्यांच्या गोरबोलीत. सही करण्याआधी पेन कपाळाला लावायचा. आणि मागच्या सीटवर कुणालाही बसू देत नसे. दोघांहून जास्त माणसं झाली, तर तिसऱ्याला सरळ एसटीनं यायला सांगायचा.

मागची सीट लालीबाईची होती.

लालीबाई त्याची मोठी बहीण. आई गेली तेव्हा भावसिंग दोन वर्षांचा होता, लालीबाई दहा वर्षांची. तिनंच त्याला कडेवर वागवलं. सतराव्या वर्षी तिचं लग्न झालं आणि ती महागावकडच्या तांड्यात गेली. त्यांच्यात नवरी बैलाच्या पाठीवर उभी राहून निरोपाचं रडगाणं गाते. ती गात गेली. हा बैलामागे धावत शिवेपर्यंत गेला. पुढे ती दर वर्षी माहेरी यायची. सहा वर्षांपूर्वी विहिरीच्या पायरीवरून पडली, खुब्याचं हाड मोडलं आणि येणं थांबलं. बैलगाडीचे हादरे तिला सोसत नव्हते. एसटीची पायरी चढवत नव्हती, ताठ बसवत नव्हतं.

"मोटारीत मागं आडवं होता येते ना, मास्तर?" त्यानं मला विचारलं होतं. तेव्हा आमची ओळख जेमतेम आठवड्याची होती.

"येतं," मी म्हणालो.

"मंग अर्ज भरा."

मी नागपूरहून बी. ए. होऊन आलो होतो. आर्णीच्या शाळेत मराठी शिकवत होतो. तो चाळिशीला टेकलेला, आर्णीजवळच्या तांड्यातला शेतकरी. मोटार चालवायला तो जिनिंगच्या ट्रकवर शिकला होता. अर्ज लायसनचा होता. यवतमाळला परीक्षा झाली. पास झाल्यावर त्यानं लायसन मेणकापडात गुंडाळून बंडीच्या आतल्या खिशात ठेवलं. तांड्यातल्या लोकांनी पाहायला मागितलं, तर तो खिशावर हात ठेवून म्हणायचा, "हाय हाय. आत झोपून राह्यलं."

पुढच्याच महिन्यात आम्ही गाडी पाहायला गेलो.

यवतमाळचे सदाशिवराव कापसाचे व्यापारी. नजर अधू झाली म्हणून त्यांनी जुनी मॉरिस विकायला काढली होती. भावसिंगनं गाडीला हात लावण्याआधी लांबून पाहिलं. मग अंगठ्यानं टायर दाबले. दार उघडून आतला वास घेतला.

"दात पाह्यचे असतीन तं बॉनेट उघडून देतो," सदाशिवराव म्हणाले.

"दात नोका दाखवू जी. चाल दाखवा."

चाल त्याला आवडली. भाव उपरण्याखाली ठरला. दोघांनी उपरण्याखाली एकमेकांची बोटं धरली, चेहरे दगडासारखे ठेवले, दोनदा माना हलवल्या. किती ठरलं ते मला आजवर कळलेलं नाही. दोन वर्षांचा कापूस गेला, एवढं जमनी म्हणाली. जमनी त्याची बायको.

सदाशिवरावांनी पत्र्याची पेटी आणली. तीत गाडीचं नोंदणीपुस्तक आणि विम्याचा कागद होता. भावसिंग एक पाऊल मागे सरला.

"हे राहू द्या जी तुमच्यापाशी."

"काहून?"

"तुमचं नाव हाय त्याच्यावर. बैल घेतला तरी दावं मालकाचं राह्यते. दावं नेलं तं मालकाच्या गोठ्याची बरकत जाते. तुमचा गोठा मी कायले रिकामा करू?"

आमच्याकडे हे सगळेच पाळतात. विकणारा आपलं दावं सोडून घेतो, घेणारा नवं आणतो. सदाशिवरावांचीही शेती होती. मग त्यांनी कागद पेटीत ठेवले.

"सोन्यासारखा माणूस हायेस, भावसिंग. पण महिन्याभरात येऊन घेऊन जाय. सरकारले दावं-बिवं समजत नाही."

मी तिथेच उभा होतो. त्या दोघांपेक्षा कागद मला जास्त कळत होते. पण ते बोलणं मला इतकं आवडलं, की मी गप्प राहिलो. घरी येऊन ते वहीत लिहून ठेवलं.

जमनीनं काळ्या-तांबड्या दोऱ्यांचा गोंडा विणला. भावसिंगनं तो आरशाला बांधला. नवं दावं झालं.

चैत्रातल्या एका सोमवारी लालीबाईला आणायला निघायचं ठरलं. तिचा तांडा रस्त्यापासून मैलभर आत. मध्ये नाला. गाडी आत जाण्यासारखी नव्हती. म्हणून तांड्यातल्या चौघांनी तिला खाटेवर घालून सकाळीच रस्त्याशी आणायचं, मोहाच्या झाडाखाली ठेवायचं, असा निरोप गेला. आम्ही उजाडताच निघालो. मागच्या सीटवर गोधडी, दोन उशा आणि पाण्याची गुंडी होती. भावसिंग मध्येच म्हणाला, "तिले गुळाचा चहा लागते. जमनीले सांगितलं का मी?"

"तीनदा."

महागावच्या अलीकडे सात मैलांवर पोलिसानं हात दाखवला.

"लायसन?"

भावसिंगनं मेणकापड उलगडलं.

"कोरं करकरीत हाय की. गाडी कोणाची?"

"माही."

"कागद?"

"कागद मालकापाशी."

"मंग गाडी कोणाची?"

"माही, साहेब."

"अन् मालक कोण?"

"सदाशिवराव. यवतमाळचे."

पोलिसानं माझ्याकडे पाहिलं. "मास्तर, दोन मालकाचा बैल हाय का हा?"

मी सांगायचा प्रयत्न केला. त्यानं ऐकून घेतलं. तो वाईट माणूस नव्हता.

"विमा?"

"त्याच पेटीत."

"त्याच्या नावाचा विमा तुह्या काय कामाचा? कोणाले लागलं तं कोण भरून देईन?"

"मी देईन."

"तुह्या नावावर तं काहीच नाही बाप्पा. तू कोण?"

भावसिंगनं मेणकापडाची पुन्हा घडी घातली. मग तो हळूच म्हणाला, "सात मैल हाय फक्त. बहीण रस्त्यावर येऊन बसली असन."

"तुले सोडतो अन् मोरं कोणी मेलं, तं त्याच्या बहिणीले काय सांगू?"

गाडी ठाण्यात लागली. आम्ही एसटीची वाट पाहिली. पहिली गाडी थांबली नाही. दुसरी दुपारी तीनला आली.

मोहाखाली खाट होती. सावली केव्हाच सरकली होती आणि चौघांनी खाटही तिच्यामागे सरकवत नेली होती. लालीबाईनं आरशांची ओढणी घेतली होती. कोपरापर्यंत बांगड्या घातल्या होत्या. माहेरी जायचा सगळा साज होता. ती आमच्याकडे पाहत नव्हती. आमच्या मागे पाहत होती.

"गाडी?"

"ठाण्यात हाय."

"तुले पकडलं, भिया?"

"मले नाही. गाडीले पकडलं."

ती हसली. चौघेही हसले. मग भावसिंगनं सगळं सांगितलं, दाव्यापासून. ती दोघं गोरबोलीत बोलत होती. मला ती आता बरीच समजत असे. लालीबाई ऐकत ऐकत एकेक बांगडी खाली सरकवत होती.

"तू चुकला नाही," ती म्हणाली. "पण मी आता पुन्हा खाटेवर येणार नाही. खाटेवरून माणूस तांड्याबाहेर एकदाच जाते. मी आज जाऊन वापस चालली. बाया दारात उभ्या राहून पाह्यतीन."

"मंग?"

"गाडी दारात आण. दारातून बसीन."

चौघांनी खाट उचलली. भावसिंग नाल्यापर्यंत तिच्या पायाशी चालत गेला. तिथं तिनं हातानंच त्याला परत फिरायला सांगितलं.

कागदांना अडीच महिने लागले. सदाशिवराव मुलाकडे नागपूरला गेले होते. पेटी त्यांच्याबरोबर होती. दोनदा नागपूर, तीनदा यवतमाळ. नोंदणीपुस्तकावर भावसिंगचं नाव चढलं तेव्हा त्यानं मला ते पान सदाशिवरावांना वाचून दाखवायला सांगितलं. जुनं नाव खोडलेलं पाहून म्हणाला, "माफी असू द्या जी."

विमा नव्यानं काढावा लागला. यवतमाळला भगवानराव नावाचे एजंट होते. ते फॉर्म भरत होते, मी शेजारी बसलो होतो.

"गाडी चालवण्याचा अनुभव किती?"

"चार-पाच महिने."

"त्याच्या आधी?"

"त्याच्या आधी बैल."

"बैल लिहिता येत नाहीत, भावसिंग."

"मंग माहे तीस वर्ष गेले का?"

भगवानराव चष्मा काढून हसले. पण लिहिले चारच महिने. नव्या हाताला हप्ता जास्त पडतो, असं त्यांनी समजावलं. भावसिंगला त्याचं काही वाटलं नाही. त्याला दुसरंच विचारायचं होतं.

"याच्यात कोणाकोणाचं येते?"

"रस्त्यावरच्या माणसाचं. तुमच्या गाडीनं ज्याला लागेल त्याचं."

"ज्याले मी ओळखत नाही, त्याचं?"

"त्याचंच तर."

भावसिंगला हे फार पटलं. त्यानं दोनदा मान हलवली. मग विचारलं, "अन् मागच्या सीटवर बहीण बसली तं?"

"तिचं नाही येत याच्यात."

"बरं," तो म्हणाला. "तिले मी हळूहळू नेईन." आणि पेन कपाळाला लावून सही केली.

गाडी ठाण्यातून सुटली, तोवर आषाढ लागला. काळ्या मातीत बैल रुततात, तिथं मोटारीचं नावच नको. गाडी पाऊस उघडेपर्यंत कडब्याच्या गंजीशेजारी झाकून राहिली. तो रोज ती पुसायचा. पोळ्याला त्यानं बैलांबरोबर तिलाही गेरू लावला. जमनी म्हणाली, "नैवेद्य दे तिले. पेट्रोलचा."

लालीबाईचा निरोप यायचा. कधी बाजाराला आलेल्या माणसाबरोबर, कधी एसटीच्या कंडक्टरबरोबर. दिवाळीला यायचं आहे. दिवाळीत तांड्यातल्या मुली दिवे घेऊन घरोघरी ओवाळायला जातात. तिला बापाच्या दारात बसून ते पाहायचं होतं. तिच्या वयाच्या मुली आता आज्या झाल्या होत्या. त्यांनाही यायला सांग, असा निरोप होता.

पाऊस उघडल्यावर भावसिंगनं रस्ता करायला घेतला.

दर सोमवारी गाडी घेऊन जायचा. मोहाखाली ती उभी करायचा आणि कुदळ, फावडं, सब्बल घेऊन आत जायचा. पूर्ण रस्ता करायला माणसं लागली असती. त्यानं दोन चाकांमधलं अंतर सुतळीनं मोजलं आणि चाकांपुरत्याच दोन पट्ट्या करायच्या ठरवल्या. मधलं गवत तसंच. नाल्यापर्यंतची पाऊलवाट बरीचशी पक्की होती, तिथं आधी खड्ड्यांपुरता मुरूम टाकला. मग नाल्याचा काठ तासून उतार केला. नाल्याच्या पात्रात सपाट दगड बसवले, दोन रांगांत. प्रत्येक दगडावर तो स्वतः उभा राहून डोलून बघायचा. हलला की पुन्हा काढायचा.

मी दोन सोमवार गेलो. माझ्या हाताला फोड आले. "तुमी मोजा, मास्तर," तो म्हणाला. "मोजायलेही माणूस लागते."

नाला ओलांडल्यावर तांडा दिसू लागला. लालीबाईनं खाट दारात आणून घेतली होती. ती तिथून ओरडायची, "भिया, आज किती?"

"वीस हात!"

"वीस? गोगलगायीले बोलाव मदतीले!"

"तुह्या दाराचं माप घेऊ का? एवढी जाडी झाली तू, दारातून निघशीन का?"

ती काठी उगारायची. शेजारच्या बाया हसायच्या. मी वहीत हात मांडत होतो. शेवटच्या सोमवारी मी आकडा सांगितला. त्यानं बोटांवर हिशेब केला. अजून दोन सोमवार. त्यानंतर आठ दिवसांनी दिवाळी.

बुधवारी त्याला ताप भरला. आर्णीच्या डॉक्टरांनी सुई दिली. गुरुवारी मी भेटायला गेलो, तर तो उठून बसला होता. "सोमवारी जाऊ," म्हणाला. शुक्रवारी तो कुणाला ओळखत नव्हता. शनिवारी सकाळी शाळेत तो गेल्याचा निरोप आला. मी वर्गात होतो. तास तसाच सोडला की पूर्ण केला, मला आठवत नाही.

लालीबाईला सांगायला जायचं होतं. तिथला रस्ता माहीत असलेला मीच होतो. मला गाडी चालवता येत नाही. मी एसटीनं गेलो आणि मोहापाशी उतरलो.

भावसिंगच्या डाव्या पट्टीवरून चालत गेलो. मुरूम पक्का बसला होता. नाल्यातला एकही दगड हलला नाही. चढ सोपा झाला होता. तांड्याच्या कुंपणाजवळ डावी पट्टी संपली. उजवी तिच्या तीन हात अलीकडेच संपली होती. पुढे दगड आणून ठेवलेले होते, मोठे डावीकडे, लहान उजवीकडे. खुंट्यांना सुतळी ताणलेली होती. शेवटची खुंटी लालीबाईच्या उंबऱ्याला टेकून ठोकलेली होती.

ती खाटेवर बसून होती. माझ्या मागे पाहत होती.

माझ्या वहीप्रमाणे बत्तीस हात राहिले होते. तिथं त्यानं अजून कुदळही मारली नव्हती.